थिजलेली बाटली आणि उतारवयातील त्वचा

डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात, लकडगंजातील आरागिरण्यांची घरघर सुरू होण्यापूर्वीच या भागातील कितीतरी घरांत एक छोटेसे काम उरकले जाते. खोबरेल तेलाची थिजलेली बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली जाते, किंवा सकाळचे ऊन जिथे प्रथम येते त्या खिडकीत ठेवली जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की पाण्यासारखे वाहणारे हेच तेल हिवाळ्यात पांढरे, घट्ट होऊन बसते. ते साधारण २४ ते २५ अंश सेल्सिअसला वितळते आणि नागपूरच्या हिवाळी पहाटे त्याच्या पुष्कळ खाली असतात, एवढेच त्याचे कारण. ‘थिजते म्हणजे शुद्ध’ असे आपल्यापैकी अनेकजण मानतात. पण हा निकष अपुरा आहे. पामच्या बियांतील गराचे तेलही याच सुमाराच्या तापमानाला थिजते. कडाक्याच्या थंडीतही जे मुळीच थिजत नाही, ते निव्वळ खोबरेल नाही, एवढे मात्र त्यावरून ओळखता येते.

खरे पाहता नारळ हा विदर्भातला पाहुणा आहे. आपली शेती जवस, तीळ आणि करडईची. लकडगंजाच्या नावातच लाकूड आहे, आणि लाकडावर हात चालवणाऱ्या जुन्या कारागिरांना जवसाच्या तेलाचा स्वभाव पक्का ठाऊक असतो. सागवानावर ते चोळले की हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन काही दिवसांत त्याचा कडक पापुद्रा बनतो. लाकडाला हे हवेच असते, अंगाला नको असते. खोबरेल तेलातील बहुतेक स्निग्धाम्ले संपृक्त असतात, म्हणून ते हवेत वाळून पापुद्रा धरत नाही आणि इतर तेलांच्या मानाने उशिरा खवट होते. दूरच्या किनाऱ्यावरून आलेले हे तेल आपल्या न्हाणीघरातील फळीवर कायमचे का स्थिरावले, याचे निदान अर्धे उत्तर तरी इथे मिळते.

वय वाढते तसे त्वचेतील तैलग्रंथींचे काम मंदावते. बाहेरचा थर पातळ व विरळ होतो आणि आतला ओलावा टिकत नाही. नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारख्या बारीक रेघा दिसू लागतात, रात्री पांघरूण घेतले की खाज सुटते. अशा कोरड्या त्वचेसाठी खोबरेल तेल उपयोगी पडते काय, हे २००४ साली फिलिपिन्समधील त्वचारोगतज्ज्ञांनी ३४ रुग्णांवर तपासले. काहींना खोबरेल तेल आणि काहींना मिनरल ऑइल देऊन ते दिवसातून दोनदा, दोन आठवडे पायांना लावण्यास सांगितले. आराम दोन्ही गटांना सारखाच पडला. अभ्यास लहान होता, तरी त्यातून घरच्या वापरापुरता बोध होतो: खोबरेल तेल इतर चांगल्या स्निग्ध द्रव्यांपेक्षा कमी नाही, आणि फार वरचढही नाही. घरात साधी पेट्रोलियम जेली असेल तर तीही चालेल. खर्च आणि सवय पाहून आपण ठरवावे.

लावण्याची वेळ मात्र महत्त्वाची आहे. तेल त्वचेत पाणी घालत नाही, असलेले पाणी अडवून धरते. म्हणून कोमट पाण्याने, थोडक्या साबणाने स्नान करावे, अंग पंचाने रगडून न पुसता टिपून घ्यावे आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच तेलाचा हात फिरवावा. एका पायाला गुडघ्यापासून खाली चहाचा अर्धा चमचा तेल पुरते. अंघोळीआधी भरपूर तेल चोळून नंतर ते साबणाने पूर्ण काढून टाकण्याची आपली पद्धत सुखाची खरी, पण त्यात तेलही जाते आणि ओलावाही. ज्यांचे आयुष्य भुशाच्या धुळीत गेले आणि अजूनही जे गिरणीत किंवा वखारीत जाऊन बसतात, त्यांनी तेल संध्याकाळी हातपाय धुतल्यावर लावावे. तेलकट अंगावर लाकडाची धूळ चिकटून राहते, आणि सागवानाच्या धुळीने काहींच्या त्वचेला ॲलर्जीही होते.

केसांच्या बाबतीत पुरावा थोडा अधिक भक्कम आहे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील शास्त्रज्ञांनी २००३ साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी करणारे तेल एकच ठरले, खोबरेल. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावेच. पण त्यामागचा कार्यकारणभाव पटण्याजोगा आहे. या तेलाचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याचा रेणू लहान व सरळ साखळीचा असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो आणि धुताना केस पाण्याने फुगण्याचे प्रमाण कमी करतो. तेव्हा पांढऱ्या, राठ झालेल्या केसांना तेल धुण्यापूर्वी काही तास किंवा आदल्या रात्री लावणे योग्य. गेलेले केस मात्र त्याने परत येत नाहीत. डोक्यात तेलकट, पिवळसर कोंडा आणि खाज असेल तर तेल वाढवू नये. त्या कोंड्याशी संबंधित बुरशी तेलातील स्निग्धाम्लांवरच पोसते.

बाटली विकत घेताना लेबल वाचावे. खोबरेल हे खाद्यतेल की केशतेल, हा कराचा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे चालला. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, खाद्यतेल म्हणून बाजारात आणलेले शुद्ध खोबरेल केवळ लहान बाटलीत भरले म्हणून केशतेल ठरत नाही. आपल्याला त्याचा अर्थ एवढाच: बाटलीवर हिरवी खूण आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असेल, तर ते खाण्यायोग्य तेल आहे. सुगंधी केशतेलांत पुष्कळदा मिनरल ऑइल असते. ते अपायकारक नव्हे, परंतु त्यातील सुगंध नाजूक त्वचेला झोंबू शकतो.

आता घरातील वृद्धांची सेवा करणाऱ्यांसाठी. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या माकडहाडावर, टाचांवर किंवा खुब्यावर लाली दिसली की तेल घेऊन तो भाग जोराने चोळण्याची पद्धत आहे. हेतू प्रेमाचा असतो, परिणाम उलटा होतो. दाबामुळे आधीच दुखावलेल्या ऊती चोळल्याने आणखी फाटतात. तो भाग बोटाने दाबून पाहावा. दाबल्यावर फिका न पडता तसाच लाल राहिला तर शय्याव्रणाची ती सुरुवात समजावी. सावळ्या कांतीवर लाली दिसत नाही, अशा वेळी तिथला स्पर्श गरम किंवा टणक लागतो काय हे पाहावे. खरा उपाय तेल नसून साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवणे आणि डॉक्टरांना लवकर दाखवणे हा आहे. तेल लावायचेच तर आजूबाजूच्या निरोगी त्वचेला, हलक्या हाताने.

मधुमेही व्यक्तीच्या तळपायांना व टाचांना रोज रात्री तेल लावणे चांगले, कारण भेगांतून जंतू शिरतात. पण बोटांच्या बेचक्यांत ते लावू नये. तिथे ओल साचून बुरशी वाढते. त्याच निमित्ताने तळवा नीट पाहून घ्यावा. पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे तेल फार गरम आहे हे त्यांना कळणार नाही. ते थेट गॅसवर न तापवता गरम पाण्यात बाटली ठेवून पातळ करावे आणि आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहावा.

ज्यांना गिळताना ठसका लागतो, उदाहरणार्थ पक्षाघातानंतर, त्यांच्या नाकात तेलाचे थेंब घालू नयेत. ते नकळत फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर कानातही नको. खाजेसाठी कापूर घातलेले तेल पुष्कळ घरांत असते. त्याची बाटली नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, कारण पोटात गेलेल्या कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात. आणि न्हाणीघराची फरशी! तेलाचे चार थेंब आणि पाणी यांच्या मिश्रणावरून घसरून खुब्याचे हाड मोडणे, ही या वयातील सर्वांत महागात पडणारी गोष्ट. तेल पलंगावर किंवा खुर्चीत बसूनच लावावे, तळव्यांना लावले असेल तर ते मुरेपर्यंत उठू नये.

उन्हाळ्यात हा सगळा उपचार आवरता घ्यावा. कूलरच्या दमट हवेत आणि घामात तेलकट अंगाला घामोळे येते. तेव्हा टाचा आणि कोपरांपुरतेच तेल पुरे. उन्हापासून रक्षण म्हणूनही त्यावर विसंबू नये, त्यासाठी दुपट्टा आणि छत्रीच खरी.

दोन आठवडे नीट काळजी घेऊनही खाज थांबत नसेल, अंगावर पुरळ नसताना सर्वांगाला खाज येत असेल, किंवा घरातील दोघा-तिघांना रात्री एकदमच खाज सुटत असेल, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. शेवटचे लक्षण खरजेचे असू शकते. पुरळाविना खाजेमागे मूत्रपिंड, यकृत वा थायरॉइडचा विकार, किंवा चालू असलेले एखादे औषधही असू शकते. जाताना रोजच्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.