चेहरा बदलला, की भीतीही बदलते

२०१९च्या सुरुवातीला 'रेसिडेंट इव्हिल २' या जपानी व्हिडिओ गेमची नव्याने बांधलेली आवृत्ती, म्हणजे रीमेक, बाजारात आली. तिच्यात खेळाडूच्या मागे लागणारा एक अवाढव्य माणूस आहे. लांब कोट, डोक्यावर हॅट, निर्विकार चेहरा. चाहते त्याला 'मिस्टर एक्स' म्हणतात. त्याला घाई नसते आणि तो एक अक्षर बोलत नाही. पोलीस ठाण्याच्या एखाद्या खोलीत दडून बसलेल्या खेळाडूला त्याच्या बुटांचा आवाज आधी जिन्यावरून, मग वरच्या मजल्यावरून येत राहतो. तो जवळ येतोय की लांब जातोय, याचा अंदाज बांधत श्वास रोखून बसावे लागते. गेम आला आणि काही दिवसांतच चाहत्यांनी त्याच्या फाइल्समध्ये फेरफार करून या माणसाच्या जागी 'थॉमस द टँक इंजिन' आणून बसवले. लहान मुलांच्या मालिकेतले हे हसऱ्या तोंडाचे निळे इंजिन. पाठलागाची पद्धत तीच, ताकदही तीच. बदलले ते फक्त रूप. आणि एवढ्यानेच त्या पाठलागातली सगळी भीती पळाली, पाहणारे पोट धरून हसले.

या जातीच्या गेमना 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणतात. १९९२च्या 'अलोन इन द डार्क' या फ्रेंच गेमने तिचा पाया घातला आणि १९९६मध्ये कॅपकॉम कंपनीच्या पहिल्या 'रेसिडेंट इव्हिल'ने हे नाव रूढ केले. त्याचे दिग्दर्शक होते शिंजी मिकामी. मारधाडीच्या इतर गेममध्ये खेळाडू शूर असतो, इथे तो कायम तुटवड्यात असतो. गोळ्या मोजक्या, सामान ठेवायला जागा अपुरी. जुन्या रेसिडेंट इव्हिलमध्ये तर खेळ जिथवर आला तिथवर राखून ठेवायलाही टाइपरायटरची शाईची रीळ लागे आणि त्या रिळाही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मिळत. १९९८च्या दुसऱ्या भागात खेळताना पडद्यावर ताकद दाखवणारी पट्टी नव्हती. जखम झाली की पात्र पोटाशी हात धरून चालू लागे, जखम वाढली की पाय ओढू लागे. आपला जीव किती उरलाय, हे खेळता खेळता त्या शरीराकडे बघूनच ओळखायचे. म्हणून या गेममध्ये पात्राचे दिसणे ही वरवरची रंगरंगोटी नसते, कथेचा अर्धा भार त्याच्यावर असतो. जुन्या पात्राला नवे रूप देणारा कथेचाच नवा अर्थ लावत असतो. तो अर्थ कंपनीने लावला काय किंवा घरी बसलेल्या चाहत्याने लावला काय, माझ्या मते कसोटी एकच. या रूपाने या कथेतली भीती भरीव होते की पोकळ?

निर्माते हे पहिल्यापासून जाणून होते. 'रेसिडेंट इव्हिल २'ची पहिली आवृत्ती अर्ध्याहून अधिक तयार झालेली असताना मिकामींनी ती बाजूला सारली. चाहते तिला '१.५' म्हणतात. तिची नायिका होती एल्झा वॉकर, मोटारसायकलच्या शर्यतीत उतरणारी, शर्यतीचा चामडी पोशाख घालणारी कॉलेजची मुलगी. पुढे पटकथाकार नोबोरू सुगिमुरा आले, कथा पहिल्या भागाशी जोडायचे ठरले आणि एल्झाच्या जागी क्लेअर रेडफील्ड आली. मोटारसायकल राहिली, तरुण वय राहिले, पण क्लेअर ही पहिल्या भागातल्या ख्रिसची बहीण. भावाच्या शोधात ती आपल्या पायांनी कथा जिथे घडते त्या मेलेल्या शहरात शिरते. नाव आणि नाते बदलल्याबरोबर त्या शहरात असण्याचे कारणच बदलले. एल्झाला चाहते मात्र विसरले नाहीत. रद्द झालेल्या आवृत्तीचे अर्धवट तुकडे हाती लागल्यावर त्यांनी ते जुळवून खेळण्याजोगे करायचा खटाटोप वर्षानुवर्षे केला. अखेर २०१९च्या रीमेकमध्ये कॅपकॉमनेच क्लेअरसाठी एल्झाचा पोशाख जादा म्हणून दिला. त्याच रीमेकमधली एडा वाँगही बघण्यासारखी आहे. १९९८मध्ये ती पहिल्या भेटीतच लाल तोकड्या पोशाखात समोर येते. रीमेकमध्ये येते ती लांब कोट आणि काळा चष्मा घालून, आणि आपण एफबीआयच्या असल्याचे सांगते. लाल पोशाख नंतर दिसतो, तिचे सोंग उतरू लागते तेव्हा. हेर असलेल्या बाईचे खोटे कपड्यांतून दाखवणे ही मला अव्वल दर्जाची पात्ररचना वाटते.

तिसऱ्या भागातल्या जिल व्हॅलेंटाइनबद्दल फार लिहायला नको. १९९९मध्ये मृतदेहांनी भरलेल्या शहरातून पळणारी ही प्रशिक्षित पोलीस अधिकारी आखूड स्कर्टमध्ये होती, २०२०च्या रीमेकमध्ये तिला पँट मिळाली आणि कथेला ती शोभते. पण 'रेसिडेंट इव्हिल ४'मधल्या अ‍ॅश्ली ग्रॅहमपाशी थांबायला हवे. अमेरिकेच्या अध्यक्षांची ही मुलगी स्पेनमधल्या एका आडगावी डांबलेली असते आणि नायक लिऑन केनेडी तिला सोडवायला जातो. २००५च्या गेममध्ये तिच्या छातीवरून एक पात्र शेरा मारते, आणि कॅमेरा खालून नेला तर ती लिऑनवर चिडेल अशीही व्यवस्था होती. तिच्या जिवाची पट्टी वेगळी, म्हणजे औषध तिच्यावरही खर्च करायचे; शत्रू आले की तिला कचऱ्याच्या मोठ्या पेटीत लपवून ठेवायचे. तिचे रूप आणि तिच्याशी खेळाडूने वागायची रीत, दोन्हींचा अर्थ एकच निघत होता : ही सांभाळायची वस्तू आहे. त्यामुळे ती धोक्यात आली की खेळाडूला काळजी कमी वाटे आणि वैताग जास्त येई. २०२३च्या रीमेकने कपडे बदलले, शेरा काढला, जिवाची वेगळी पट्टी काढली, कचरापेट्याही काढल्या. आता ती मागोमाग चालते, घाबरते, धीर धरते. ती एकटी असते त्या प्रकरणात तिच्याजवळ शस्त्र नाही, फक्त निळ्या उजेडाचा एक कंदील आहे. चालती चिलखते त्या उजेडात थबकतात आणि कंदील दुसरीकडे वळला की पुन्हा पाऊल उचलतात. कंदील एकावर रोखावा तर दुसरे सरकते. तिच्यासाठी वाटणारी धास्ती इथे प्रथमच खरी होते.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हा सगळा सोवळेपणा आहे, आजच्या शिष्टाचाराला घाबरून जुन्या कलाकृतीला ओढणी पांघरण्याचा प्रकार आहे, असे अनेक चाहते म्हणतात. कपडे वाढले म्हणजे गेम सुधारला, असे समीकरण मांडले तर हा आक्षेप खराच ठरेल. पण माझी कसोटी कपड्यांच्या लांबीची नाही, त्यामुळे ती कधीकधी उलट कौल देते. कोनामी कंपनीच्या 'सायलेंट हिल २'चे उदाहरण घ्या. (कथेचे रहस्य पुढे उघड होणार आहे. गेम खेळायचा असेल त्यांनी आधी खेळून घ्यावा.) २००१च्या या गेममध्ये जेम्स संडरलँडला मरण पावलेल्या पत्नीचे, मेरीचे, पत्र येते आणि तो धुक्यात बुडालेल्या गावात पोचतो. तिथे त्याला मारिया भेटते. चेहरा मेरीचा, पण बिबट्याच्या ठिपक्यांचा आखूड स्कर्ट, उघडे पोट, भडक रंगरंगोटी. मेरी दीर्घकाळ आजारी होती आणि जेम्सनेच तिला उशीने गुदमरवून मारले, हे शेवटी कळते. म्हणजे मारियाचा तो पोशाख तिच्या आवडीचा नव्हताच. आजारी बायकोच्या उशाशी बसून नवऱ्याने दाबून टाकलेली वासना त्या पोशाखातून समोर उभी राहत होती. पोलंडच्या ब्लूबर टीमने २०२४मध्ये केलेल्या रीमेकमध्ये मारियाला अधिक अंगभर कपडे दिले. नवी मारिया जास्त खरी बाई वाटते, अभिनयही सरस आहे, पण ती जेम्सच्या मनातून निपजलेली आहे हे पूर्वीइतके टोचत नाही. इथे काहीतरी गमावले गेले, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

त्याच रीमेकमधल्या अँजेलाबाबत मात्र माझे मत नेमके उलट आहे. बापाच्या अत्याचारांनी मोडलेली ही मुलगी एकोणीस वर्षांची. पण मूळ गेममधला तिचा चेहरा आणि आवाज बघता ती तिशीतली असावी असे कित्येक खेळाडूंना वाटत असे. नव्या आवृत्तीत तिला गोल, कोवळा चेहरा मिळाला. ट्रेलर आल्याआल्या समाजमाध्यमांवर त्या चेहऱ्याची टवाळी झाली, ती कुरूप केली अशी ओरड झाली. गेम हातात आल्यावर कळते की त्या कोवळेपणामुळेच तिची कथा सोसवत नाही. एकाच गेममध्ये एका बदलाने कथा बळकट झाली आणि दुसऱ्याने सैल पडली. जुने ते सोने म्हणणाऱ्यांना आणि नवे ते योग्य म्हणणाऱ्यांना हा गेम सारखाच अडचणीत आणतो.

चाहत्यांनी रचलेल्या कथांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. त्यातल्या बहुतेक मनोरथ असतात, हे मान्य. मेलेले पात्र वाचवायचे, दोन आवडत्या पात्रांची जोडी जमवायची, खलनायकाला सगळ्या भागांतून फिरवून आणायचे. पण हा मोह फक्त चाहत्यांना होतो असे नाही. 'सायलेंट हिल २'मधला पिरॅमिड हेड, त्रिकोणी लोखंडी शिरस्त्राण घातलेला, अजस्र सुरा जमिनीवरून खरडत नेणारा, हा जेम्सच्या अपराधी मनाने उभा केलेला दंडकर्ता आहे. जेम्सशिवाय त्याला अर्थ नाही. तरीही २००६च्या चित्रपटात तो आला, २००८च्या 'होमकमिंग'मध्ये आला आणि मालिकेची ओळख होऊन बसला. हे मालकांच्याच परवानगीने झाले. उलट चाहत्यांची एक कल्पना बघा. मूळ गेममध्ये जेम्सला वाटेत एक प्रेत दिसते, ते त्याच्यासारखेच दिसते. यावरून चाहत्यांनी तर्क बांधला की जेम्स या गावात पुन्हा पुन्हा येतोय, त्याची शिक्षा संपतच नाही. हा तर्क कुणाला वाचवत नाही, कुणाचे लग्न लावत नाही. गेममधल्या एका खुणेतून तो निघतो आणि मूळ भीती आणखी गडद करतो. रीमेकमध्ये ठिकठिकाणी विखुरलेली २६ छायाचित्रे आहेत. त्यांच्यातल्या वस्तू मोजून, अक्षरे लावून एका खेळाडूने कोडे सोडवले, तेव्हा निघालेला मजकूर सांगत होता की तू दोन दशके इथेच आहेस. मूळ गेम आणि रीमेक यांच्यातले अंतर जवळपास तेवढेच. निर्मात्यांनी चाहत्यांच्या कल्पनेला दिलेली ही पोचपावती नाही, असे म्हणणे मला तरी कठीण वाटते.

दुसरा आक्षेप मालकीचा. पात्रे कंपनीची आहेत, इतरांनी त्यांना हात का लावावा? कायद्याच्या बाजूने याला उत्तर नाही आणि असूही नये. दुसऱ्याच्या पात्रांवर परस्पर गेम काढून बाजारात बसता येत नाही. पण मालकी शाबूत ठेवूनही वाट काढता येते, हे घडून गेलेले आहे. इटलीतल्या काही तरुणांनी 'रेसिडेंट इव्हिल २'चा स्वतःचा रीमेक करायला घेतला होता. २०१५मध्ये कॅपकॉमने त्यांना थांबवले, कारण अधिकृत रीमेक घोषित होत होता, पण त्याचबरोबर चर्चेसाठी बोलावलेही. त्यांनी 'इन्व्हेडर' या नावाने आपले पथक चालू ठेवले आणि २०१९मध्ये 'डेमेअर : १९९८' हा स्वतंत्र गेम काढला. स्कॉट कॉथन यांनी एकट्याने केलेल्या 'फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज'ची वाट आणखी पुढची. २०१४मध्ये आलेल्या या गेमची कथा तुकड्यातुकड्यांनी सांगितलेली, ती जुळवण्यात चाहत्यांची अख्खी पिढी गुंतली. २०२०मध्ये कॉथन यांनी चाहत्यांनी केलेल्या निवडक गेमना स्वतः पैसे आणि प्रकाशन देण्याची योजना जाहीर केली. त्यांच्या मूळ मालिकेचे त्यात काहीच बिघडले नाही.

राहिला सर्वांत गंभीर आक्षेप : नवे रूप आले की जुने पुसले जाते. जुने नाटक नव्या संचात आले तर संहिता छापील मिळते, कुणीही ती पुन्हा मूळ ढंगात बसवू शकतो. गेमचे तसे नाही. यंत्र बंद पडले, कोड हरवला की मूळ कृतीच जाते. 'सायलेंट हिल २'ला याचा फटका बसलेला आहे. २०१२च्या एचडी आवृत्तीसाठी अपुरा कोड हाती होता. धुके जागोजागी विरळ झाले, त्यामागे दडलेली अर्धवट रचना उघडी पडली, आणि एका कुरणाच्या फाटकावरची पाटी चक्क कॉमिक सॅन्स अक्षरांत आली. जुन्या संगणकी आवृत्तीतले धुके, आवाज, सावल्या दुरुस्त करून ती आजच्या यंत्रांवर चालती केली ती 'एनहान्स्ड एडिशन' नावाच्या विनामोबदला कामाने, आणि ते काम चाहत्यांचे. म्हणजे पात्रांना नवी रूपे देणारे आणि जुनी रूपे जपणारे हे बऱ्याचदा एकाच गोतावळ्यातले लोक आहेत. कॅपकॉमने २०२४मध्ये रेसिडेंट इव्हिलचे पहिले तीन मूळ भाग जीओजी या दुकानातून पुन्हा विक्रीला आणले. त्यामुळे आता १९९९ची जिल आणि २०२०ची जिल शेजारी ठेवून कुणीही पारखू शकतो. कोनामीनेही २००१च्या 'सायलेंट हिल २'साठी एवढे करावे, त्यातल्या मारियासकट.