एडीडी आणि फोनमधले कॅलेंडर

एडीडी (अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर, लक्ष न टिकण्याची अवस्था) असलेल्या माणसाला कॅलेंडर लागते ते मुख्यतः वेळेचे भान राखण्यासाठी. एडीडी हे नाव अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये निदानपुस्तिकेत आणले आणि 1987 मध्ये बदलून एडीएचडी केले. चंचलपणा फारसा नाही पण लक्ष टिकत नाही, अशांसाठी जुने नाव अजून बोलण्यात आहे. 2013 च्या पुस्तिकेनुसार सुमारे अडीच टक्के प्रौढांत एडीएचडी आढळते. घरीदारी त्यांना वेंधळे, आळशी ठरवले जाते, ते अन्यायाचे आहे. काय करायचे हे त्यांना ठाऊक असते. ते नेमक्या वेळी हातून होत नाही, असे मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली सांगत आले आहेत.

जयंतराव साळगावकरांचे कालनिर्णय 1973 पासून मराठी भिंतींवर आहे. दूधवाल्याचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख त्यावर छान मावते. पण ते वाजत नाही आणि माणसाबरोबर लोकलमध्ये चढत नाही. फोनमधल्या कॅलेंडरचा खरा फायदा एवढाच, आणि निवडही त्यावरच करावी.

बदलापूरजवळच्या सोनिवलीत राहणाऱ्याला दादरला सकाळी 11 ला कुणाला भेटायचे आहे, असे समजू. ‘11 वाजता भेट’ एवढीच नोंद आणि अर्धा तास आधीचा गजर काहीच कामाचा नाही. साडेदहाला तो घरीच असेल तर भेट हुकलीच. आधी स्टेशनपर्यंत रिक्षा, मग सव्वा तासाच्या आसपास लोकल, गर्दीमुळे एखादी गाडी सोडावी लागली तर तो वेळ वेगळा. म्हणून हिशेब उलटा मांडावा लागतो: आदल्या रात्री ‘कागद पिशवीत’, 8 ला ‘आंघोळ’, 8:45 ला ‘चप्पल घाल, निघ’. रविवार असेल तर मेगाब्लॉक पाहण्याची सूचना शनिवारीच. एका नोंदीला अनेक सूचना लावता येतात का, हे त्यामुळे आधी तपासावे. गूगल कॅलेंडरमध्ये त्या लावता येतात. ॲपलच्या कॅलेंडरमध्ये प्रवासाचा वेळ भेटीलाच जोडता येतो.

दुसरी कसोटी नोंद करायला लागणाऱ्या वेळेची. ॲप उघडा, तारीख शोधा, रंग निवडा, असे करेपर्यंत मूळ गोष्टच डोक्यातून निसटते. बोलून नोंद होत असेल तर उत्तम. होमस्क्रीनवर दिवसाचा तक्ता ठेवावा. महिन्याच्या चौकटीत पुढचे तीन तास किती भरलेत ते कळत नाही. रंग दोन-तीन पुरेत. रंग ठरवण्यातच संध्याकाळ जाते, हा अनेकांचा अनुभव.

हुकलेल्या नोंदीचे काय होते, याकडे मात्र कुणी फारसे पाहत नाही. साधी नोंद वेळ टळली की मागे पडून नजरेआड होते. वीजबिल भरणे, पास काढणे अशी कामे ‘टास्क’ म्हणून लिहिली, तर पूर्ण झाल्याची खूण करेपर्यंत ती प्रलंबित म्हणून समोर राहतात.

कॅलेंडर एकच असावे. ऑफिसचे वेगळे असल्यास ते त्याच पडद्यावर जोडून घ्यावे. जोडीदाराबरोबर ते शेअर केले की पालकसभा किंवा पाणी न येण्याचा दिवस दोघांनाही दिसतो आणि ‘सांगितलं होतं ना’ हा वाद कमी होतो. डॅनिश टीमोसारखी चित्रांतून दिवस दाखवणारी ॲप खास अशा वापरकर्त्यांसाठी आहेत, पण नव्या ॲपचा उत्साह एडीडीत लवकर ओसरतो. वर्षाची वर्गणी भरण्याआधी फोनमध्ये असलेले फुकट कॅलेंडरच महिनाभर वापरून पाहावे. बदलायची वेळ आलीच, तर बहुतेक कॅलेंडरांतून आयसीएस फाइल काढून नोंदी दुसरीकडे नेता येतात.

निवड झाली की फोनचे सेटिंग बघावे. बॅटरी वाचवण्यासाठी काही फोन मागे चालणारी ॲप बंद करतात आणि सूचना उशिरा येते किंवा येतच नाही. कॅलेंडरला त्यातून सूट द्यावी आणि त्याचा आवाज व्हॉट्सॲपहून वेगळा ठेवावा.