डेंग्यूची चार रूपे आणि टी पेशींची स्मृती

१९६३ साली तत्कालीन कलकत्त्यात उद्भवलेली साथ ही भारतातील रक्तस्रावी डेंग्यूची पहिली मोठी साथ मानली जाते. वास्तविक डेंग्यू या शहराला नवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, तेथील अमेरिकी सैनिकांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा करण्यात आला होता. परिचित रोग सौम्य व्हावा, ही अपेक्षा डेंग्यूच्या बाबतीत फोल ठरते. कारण त्याचे विषाणू एक नसून चार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण देतो, इतरांपासून मात्र काही महिनेच. पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार तीव्र होण्याचा धोका उलट वाढतो.

याचे एक कारण प्रतिपिंडांत आहे. प्रतिपिंडे विषाणूचे बाह्य आवरण ओळखतात आणि चारही प्रकारांत भिन्नता आढळते ती मुख्यत्वे या आवरणात. जुनी प्रतिपिंडे नव्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट त्याला रक्तातील भक्षक पेशींत शिरण्यास वाट करून देतात.

टी पेशींची रीत वेगळी आहे. बाधित पेशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते, ते तुकडे टी पेशी ओळखतात. त्यांत आवरणाखेरीज विषाणूची अंतर्गत यंत्रणा चालविणारी प्रथिनेही असतात आणि ती चारही प्रकारांत बरीच सारखी असतात. म्हणून एका प्रकाराविरुद्ध तयार झालेल्या स्मृतिपेशी दुसऱ्यालाही ओळखू शकतात. टी पेशी संसर्ग रोखत नाहीत, बाधित पेशी नष्ट करून तो आटोक्यात आणतात, हा भेद परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावा.

ही ओळख नेहमी हितकारकच असते काय? थायलंडमधील मुलांच्या २००३ च्या अभ्यासातून शंका पुढे आली, की जुन्या टी पेशी नव्या प्रकाराला अर्धवट ओळखून दाह मात्र वाढवितात. श्रीलंकेतील २०१३ च्या अभ्यासाने त्यांच्या संरक्षक भूमिकेला बळ दिले. आज पारडे या दुसऱ्या बाजूस झुकलेले दिसते.

वाद केवळ पुस्तकी नाही. २०१५ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या डेंग्यू लसीत आवरण डेंग्यूचे, तर अंतर्गत यंत्रणा पीतज्वराच्या विषाणूची होती. साहजिकच डेंग्यूच्या अंतर्गत प्रथिनांची ओळख टी पेशींना तिच्यातून होत नव्हती. पूर्वी डेंग्यू न झालेल्या मुलांना लस दिल्यानंतर लागण झाली, तर आजार तीव्र होण्याचा धोका वाढतो, असे २०१७ मध्ये उघड झाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि पॅनेसिया बायोटेक यांच्या ज्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथे सुरू झाली, ती दुर्बल केलेल्या डेंग्यू विषाणूंवरच आधारित असून तिच्यात ही अंतर्गत प्रथिनेही आहेत.