शेळीसुद्धा सोडून देते ते झाड

बुटीबोरीहून वर्ध्याकडे निघालं आणि एमआयडीसी मागे पडली, की पऱ्हाटीची शेतं लागतात. तिथे धुऱ्यावर एक झाड शोधा. शेळ्या आजूबाजूचं सगळं ओरबाडून खातात, पण याला सहसा तोंड लावत नाहीत. टोंगळ्याच्या वर वाढलेलं, संध्याकाळी उमलणारी लांब पांढरी फुलं आणि काटेरी गोल फळं. महाशिवरात्रीला शंकराला वाहतात, तोच हा धोतरा!

एवढा हिरवागार पाला शेळी का सोडते? कारण त्याच्या पानाफुलांत, बियांत, अगदी मुळांतही ॲट्रोपिन, स्कोपोलामिन अशी विषं असतात, आणि ती थेट नसांच्या कामात लुडबूड करतात.

लाळ सोड, डोळ्याची बाहुली बारीक कर, आतडं हलव, असे हुकूम नसांच्या टोकांतून एक रसायन पोचवतं. नाव लांबलचक आहे, ॲसिटिलकोलीन. त्याला बसायला अवयवांवर जागा ठरलेल्या असतात. संगीत खुर्चीत एखादं पोरगं गाणं थांबायच्या आधीच खुर्ची बळकावतं ना, तसं ॲट्रोपिन त्या जागा अडवून बसतं. हुकूम निघतो, पण पोचत नाही! मग तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापतं, माणूस काहीबाही बडबडतो, हवेतून नसलेल्या वस्तू वेचतो. जीवही जाऊ शकतो.

बाहुली मोठी करायला डोळ्यांचे डॉक्टर याच ॲट्रोपिनचे थेंब वापरतात. पण खरी कमाल पुढेच आहे.

कपाशीवर फवारल्या गेलेल्या मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांचं काम बरोबर उलटं. ती शरीरातलं ॲसिटिलकोलीन मोडूच देत नाहीत. ते साचत जातं आणि हुकूम थांबतच नाहीत. लाळ गळते, घाम फुटतो, छातीत पाणी साचून श्वास अडतो. २०१७ च्या पावसाळ्यात वर्ध्यापलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, २० हून जास्त माणसं गेली. मोनोक्रोटोफॉसच्या जातीचं विष भिनलं, तर दवाखान्यात सुई कशाची देतात माहितेय? ॲट्रोपिनची! जागा अडवायची त्याची खोड इथे जीव वाचवते.

मग घरीच धोतऱ्याचा रस पाजला तर? मुळीच नाही! कुठल्या झाडात विष किती, याचा काही नेम नसतो. डॉक्टर नाडी बघून, छाती तपासून मोजून मात्रा देतात.

तेव्हा धोतरा लांबूनच बघा. हात लागलाच तर डोळे चोळू नका, आधी साबणाने हात धुवा. आणि कुणी बी खाल्ली, तर लगेच मोठ्यांना सांगा, १०८ ला फोन करा, आणि झाडाची एक फांदी पिशवीत घालून दवाखान्यात सोबत न्या.