हिवाळी सहल आणि डोंगरावरची हवा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या, की सहलीच्या गोष्टी सुरू होतात. आमच्या आष्टीकडेही हे दरवर्षीचेच. नगरपर्यंत, म्हणजे आताच्या अहिल्यानगरपर्यंत, २०२२ सालापासून रेल्वे झाली, रस्तेही बरे झाले. त्यामुळे एकेकाळी लांबचा वाटणारा सह्याद्री आता शनिवार-रविवारच्या टप्प्यात आला आहे. मुले म्हणतात, "सर, यंदा कळसूबाई." गुरुजी पैशांचा हिशेब करतात, गाडी ठरवतात, पालकांची संमतिपत्रे गोळा करतात. सगळे होते. एक गोष्ट मात्र राहून जाते. डोंगरावर हवा कशी असेल, हे कोणी विचारत नाही. आणि विचारलेच, तर चुकीच्या गावाला विचारतात.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात पंधरा-वीस विद्यार्थी घेऊन आम्ही भंडारदऱ्याकडे गेलो होतो. निघण्याआधी आष्टीचा अंदाज पाहिला होता. आभाळ निरभ्र, थंडी बेताची. जागा छान म्हणून मुक्काम टाकला तो पाण्याच्या अगदी काठाशी, खोलगट भागात. पहाटे तीन वाजल्यापासून एकही पोरगा झोपलेला नव्हता. अंथरुणे दवाने ओली, दात दातांवर आपटताहेत. सकाळी चढावरच्या वस्तीतले एक म्हातारबाबा आले आणि म्हणाले, "मास्तर, तिथं कशाला निजलात? गारठा खालीच बसतो. आमच्याकडं वर यायचं होतं." मी एम. ए. झालेला माणूस, पण त्या दिवशी धडा त्यांच्याकडून शिकलो.

त्या रात्री माझ्या तीन चुका झाल्या. त्या एकेक करून पाहू.

पहिली चूक म्हणजे अंदाज गावचा घेतला आणि गेलो डोंगरावर. हवामान खात्याच्या हिशेबात आपला बीड जिल्हा मराठवाड्यात मोडतो, तर कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड ज्या अकोले तालुक्यात आहेत, तो अहिल्यानगर जिल्हा मध्य महाराष्ट्रात. रेडिओवर "मराठवाड्यात हवा कोरडी राहील" असे ऐकून निर्धास्त होणे म्हणजे शेजारच्या घरातला स्वयंपाक हुंगून आपले पोट भरले असे समजणे होय. जिथे जायचे, त्या जिल्ह्याचा अंदाज पाहावा. कळसूबाई तर नाशिक जिल्ह्याच्या सीमेवरच उभी आहे, तेव्हा नाशिकचाही पाहावा; आणि घाट विभागासाठी वेगळी सूचना असली, तर ती सर्वांत आधी वाचावी.

त्यातही उंचीचा हिशेब आपला आपण करावा लागतो. जसजसे वर जावे, तसतशी हवा विरळ होते, पसरते आणि थंड होते. सरासरीने हजार मीटर चढले, की सुमारे साडेसहा अंश तापमान उतरते. नगर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे आणि कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच, १६४६ मीटरवर. फरक झाला हजार मीटरचा. म्हणजे दुपारी नगरला २६ अंश असतील, तर माथ्यावर १९-२० धरावेत. हे गणित सातवीच्या मुलांकडूनच फळ्यावर करून घ्यावे. सहलीची तयारी आणि भूगोलाचा तास, दोन्ही साधतात.

तुम्ही म्हणाल, १९ अंश म्हणजे काही थंडी नव्हे. खरे आहे, पण वारा विसरू नका. आपले अंग स्वतःभोवती उबदार हवेचा एक पातळ थर धरून ठेवते. वारा तो थर उडवून नेतो, म्हणून फुंकर घातली की चहा लवकर निवतो. पहाटे माथ्यावर ८ अंश तापमान असेल आणि ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते ४ अंशांसारखे झोंबते. त्यात घामाने किंवा पावसाने कपडे ओले असले, तर मग विचारूच नका. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर पुण्याकडची काही तरुण मंडळी धुक्यात आणि पावसात वाट चुकली. त्यांच्यातला एकजण गारठून मरण पावला. लक्षात घ्या, तो हिवाळाही नव्हता. माणसाला मारायला बर्फ लागत नाही. ओल, वारा आणि थकवा एवढे पुरते.

माझी दुसरी चूक मुक्कामाच्या जागेची. वर जावे तसे थंड, हा नियम दिवसाचा. हिवाळ्यातल्या निवांत, निरभ्र रात्री तो उलटतो. सूर्य मावळला की जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते. तिला लागून असलेली हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन सखल भागात साचते. हे तुम्ही रोज पाहता. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी चुलींचा धूर वर न जाता गावावर आडवा पट्टा होऊन का राहतो? खाली थंड हवा आणि वर उबदार हवेचे झाकण, म्हणून. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याला कधीकधी गवतावर दवाचे हिमकण होतात, तेव्हा गावातल्या वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असतो. कारण हेच. शिवाय वेधशाळेची तापमापी जमिनीपासून चारेक फूट उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असते. आपण झोपतो जमिनीवर. तेव्हा मुक्काम पाण्याच्या काठाशी नको, उघड्या माथ्यावरही नको; थोडे चढावर, वाऱ्याच्या आडोशाला असावा.

तिसरी चूक अशी, की अंदाज मी एकदाच पाहिला. हिवाळ्यातली हवा स्थिर वाटते, पण ती दोन दिशांच्या ओढाताणीत असते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ पाडतात आणि ते पुढे सरकले, की त्यांच्यामागून उत्तरेचे कोरडे, बोचरे वारे पुष्कळदा आपल्यापर्यंत उतरतात. म्हणून बातम्यांत काश्मीर-हिमाचलात बर्फ पडल्याचे ऐकले, की पुढच्या दोन-चार दिवसांत आपल्याकडे गारठा वाढू शकतो, हे ध्यानात ठेवावे. याउलट पूर्वेचा वारा सुरू झाला, तर बंगालच्या उपसागराची वाफ येते, आभाळ भरते आणि अवकाळी पाऊसही होतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातला शेतकरी विसरलेला नाही.

म्हणून अंदाज तीनदा पाहावा. हवामान खाते पुढच्या पाच दिवसांचे जिल्हावार इशारे देते. बुधवारी ते पाहावेत आणि जावे की नाही याचा पहिला विचार करावा. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा पाहावेत. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे तातडीने काळजी घ्या. मुले बरोबर असतील, तर नारिंगीलाच सहल पुढे ढकलावी. मोबाइलवर 'मौसम' आणि विजेची सूचना देणारे 'दामिनी' ही दोन्ही असू द्यावीत. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. विजा चमकत असताना तिथे लेकरांची रांग उभी असणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

तिसऱ्यांदा पाहायचे ते शनिवारी सकाळी, पायथ्याच्या बारी गावात, आपल्या डोळ्यांनी. माथ्यावर ढगाची टोपी आहे का? झाडांचे शेंडे हलताहेत का? आदल्या रात्री चंद्राला खळे होते का? खळे म्हणजे उंचावरच्या पातळ ढगातल्या बर्फकणांतून वाकलेला प्रकाश. पाऊस येईलच असे नाही, पण वरच्या हवेत ओलावा आल्याची ती खूण. मग गावातल्या जाणत्या माणसाला विचारावे. मोबाइलला जिल्हा ठाऊक असतो. त्याला ती खिंड ठाऊक असते.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चारच्या आत उतरणीला लागावे. प्रत्येकाजवळ कोरडा सदरा, कानटोपी आणि वारा अडवणारे काहीतरी हवेच. एखादे मूल थडथडू लागले, अडखळू लागले, बोलणे जड झाले, तर तिथेच थांबावे. आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, पांघरुणात गुंडाळावे. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर कोमट गोड पाणी द्यावे. हातपाय चोळू नयेत, चालवू नये, मदत बोलवावी. थडथड आपोआप थांबली आणि मूल सुस्तावले, तर बरे वाटले असे समजू नका. तो धोका वाढल्याचा इशारा असतो.

आणि शेवटचे. पायथ्यापर्यंत जाऊन परत फिरावे लागले, तर मुले रुसतील, पालक म्हणतील पैसे वाया गेले. म्हणू द्या. आधीच घरी सांगून ठेवा, की हवा बिघडली तर आम्ही माघारी येऊ. मुलांना डोंगर दाखवणे हे शिक्षकाचे काम आहेच. पण डोंगरापुढे कधी थांबावे, हे दाखवणे त्याहून मोठे काम आहे. कळसूबाई कुठे जात नाही. पुढचा शनिवार आहेच.