हायड्रोजनेज

हायड्रोजनेज हे हायड्रोजन वायूचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांत विभाजन करणारे, तसेच त्यांपासून पुन्हा हायड्रोजन तयार करणारे विकर आहे. मार्जोरी स्टीफनसन व लेनर्ड स्टिकलंड यांनी १९३१ मध्ये केंब्रिज येथे जीवाणूंमध्ये ते शोधून त्याला हे नाव दिले.

आढळ
मीरा-भाईंदरलगतच्या वसई खाडीसारख्या ठिकाणी खारफुटीच्या काळ्या चिखलात पृष्ठभागाखाली ऑक्सिजन जवळपास नसतो. अशा जागी सल्फेटाचे क्षपण करणारे जीवाणू वाढतात. त्यांपैकी डिसल्फोव्हिब्रिओ प्रजातीतील हायड्रोजनेजचा विशेष अभ्यास झाला आहे.

निरोध
निकेल-लोह प्रकारच्या विकरात ऑक्सिजन शिरल्यास दोन धातूंच्या मध्ये ऑक्सिजनयुक्त गट अडकतो व हायड्रोजनची जागा बंद होते. कार्बन मोनॉक्साइडही हे विकर थांबवतो; मात्र तो वायू काढून टाकल्यास कार्य पूर्ववत होते. लोह-लोह प्रकारचे विकर ऑक्सिजनमुळे बहुधा कायमचे नष्ट होते.

सक्रियण
निकेल-लोह विकराच्या निष्क्रिय अवस्था मुख्यतः दोन आहेत. हायड्रोजनच्या सान्निध्यात ‘सज्ज’ अवस्थेतील विकर लवकर कार्यरत होते, तर ‘असज्ज’ अवस्थेतील विकराला अनेक तास लागू शकतात.

महत्त्व
हिरव्या शैवालांकडून सूर्यप्रकाशात हायड्रोजन इंधन मिळवताना प्रकाशसंश्लेषणातून निघणारा ऑक्सिजनच त्यांचे हायड्रोजनेज बंद पाडतो. क्युप्रिॲव्हिडस नेकेटर या जीवाणूचे एक हायड्रोजनेज मात्र ऑक्सिजनमध्येही टिकते. त्यातील विशिष्ट लोह-गंधक समूह इलेक्ट्रॉन त्वरेने पुरवतो व शिरलेल्या ऑक्सिजनचे पाणी होते. त्यामुळे ऑक्सिजनसह्य विकर घडवण्याच्या संशोधनात त्याचा आदर्श घेतला जातो.