जुनी पद्मिनी खाली बसविताना

मुंबईतून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली गेली. परंतु हौशी मालक घरची पद्मिनी जपून आहेत आणि ती थोडी खाली बसवून मागतात. काही कारागीर बंधू पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा गॅसने कापून देतात. आम्हांस हे पसंत नाही. आचेने पोलादाचे पाणी उतरते, आणि गिऱ्हाइकाची गाडी आपल्याकडे अमानत असते.

गाडी खाली आली की चाकाला वर यायला जागा थोडी उरते. नरम स्प्रिंग खड्ड्यात थेट रबरी ठोकळ्यावर आदळते. म्हणून स्प्रिंग कडक हवी. मात्र लांबी तीच ठेवून नुसती कडक घेतली तर ती वजनाखाली कमी दबते व गाडी उलट उंच होते! तेव्हा लांबी कमी व तार जाड, अशी नवी घडवून घ्यावी. जाडी बेताने वाढवावी. समजा वेढे व घेर तेच ठेवून तार १२ ऐवजी १३ मिलिमीटर घेतली, तर कडकपणा सुमारे ३८ टक्के वाढतो. (आमच्या धंद्यात सुताचा नंबर वाढला की धागा बारीक, येथे उलटे.) शॉकअब्सॉर्बरही त्याच ताकदीचे लागतात.

बसविल्यावर गाडी जॅकवर उचलून पाहावी. चाक लोंबकळत असता स्प्रिंग सैल झाली, तर ती जागा सोडील. अशी गाडी रस्त्यावर देऊ नये. मागे कमानपाटे आहेत, त्यांचा हिशेब वेगळा.